पाच उलट्या आणि एक ओळ

इस्लामपुरात ऑपरेशन करायचं झालं तर आधी डॉक्टर ठरवायचा नसतो. आधी फोन कुणाचा लावायचा ते ठरवायचं असतं. डॉक्टर काय, बोर्डावर असतातच.

पलूसजवळच्या साळुंख्यांच्या घरात हा प्रश्न पडला तेव्हा पेशंटचं वय सहा होतं, वजन सतरा किलो आणि नाव वीरधवल. जांघेत सुपारीएवढी गाठ यायची, खोकला की दिसायची, झोपला की जायची. डॉक्टरांनी हात लावून सांगितलं, हर्निया आहे, अर्ध्या तासाचं काम, सकाळी आणा, संध्याकाळी घेऊन जा. आता अर्ध्या तासाच्या कामाला वशिला कशाला, असं कुणी विचारेल. पण वशिला कामासाठी लावायचा नसतो. आपल्याकडं तो आहे, हे चारचौघांना कळावं म्हणून लावायचा असतो.

त्यामुळं तीन फोन झाले. पहिला साखर कारखान्याचे संचालक आप्पासो यांचा. ते वीरधवलच्या आजोबांचे चुलतभाऊ. दुसराही त्यांचाच, कारण पहिल्या फोनवर डॉक्टर "बघतो" म्हणाले होते आणि संचालकांना "बघतो" चालत नाही, तो त्यांचा स्वतःचा शब्द आहे. तिसरा आप्पासोंनी आणखी कुणाला तरी करायला लावला. तिन्ही फोनचा मजकूर एकच: "पोरगं आपलं हाय. रडल्यालं कानावर आलं न्हाई पायजे."

डॉक्टर तिन्ही वेळा म्हणाले, "काळजीच करू नका." डॉक्टर हे एकदा म्हणाले तर माणसानं निर्धास्त व्हावं. तीनदा म्हणाले तर काळजीला लागावं. साळुंखे मात्र तिसऱ्यांदा जास्त निर्धास्त झाले.

आजोबा जोतीराम साळुंखे अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. घरात त्यांना सगळे आबा म्हणत, गावात सुभेदार म्हणत, आणि ते स्वतः उरलेल्या सगळ्या जगाला सिव्हिलियन म्हणत. मुलगा भाऊसो, ऊस बघणारा, तो सिव्हिलियन. बायको अंजना, सिव्हिलियन. सून क्रांती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती; ती सिव्हिलियन तर होतीच, वर छापलेलं वाचणारीही होती.

दवाखान्यातून आलेली चिठ्ठी क्रांतीनंच वाचून दाखवली. ऑपरेशन अकराला. खाणं सहा तास आधी बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल.

"मी बगते ह्ये," क्रांती म्हणाली. "पाचला उठवून थोडी पेज देते, नवाला पाणी."

"तू न्हाई," आबा म्हणाले. "आईचं काळीज असतंय. पोरगं रडलं की बिस्किट काढशील. ह्यो शिस्तीचा मामला हाय, चार्ज माझ्याकडं द्या. माझ्या पहाऱ्यात पोराच्या पोटात कण जायचा न्हाई. गेला तर ह्या घरात माझा शब्द घिऊ नका."

ही प्रतिज्ञा चहाच्या वेळी झाली आणि साक्षीला भाऊसो, अंजना आणि दूध घालायला आलेली शेजारीण होती. म्हणजे गावात जाहीर झाली असंच धरायचं.

इथं फौजेतली एक चाल सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कर्नलसाहेबांनी सातची परेड सांगितली की मेजर खाली साडेसहा सांगतो. सुभेदार सहा सांगतो, हवालदार साडेपाच, आणि जवान पाचपासून बूट चमकवून उभा असतो. कर्नलसाहेब आठला येतात. मधल्या प्रत्येकानं आपल्या अंगावर येऊ नये म्हणून अर्धा तास स्वतःचा घातलेला असतो. त्याला ते शिस्त म्हणतात. ज्या जवानाचे पाय भरून येतात त्याला कुणी विचारत नाही.

चिठ्ठीतली वेळ पहाटे पाचची होती. भाऊसो म्हणाला, "पाच कशाला, रातच्या बारापासनं बंद करू." अंजना म्हणाली, "बारापत्तोर कोण जागतंय, धापासनं." आबांनी दोघांकडं कीव करून बघितलं. "सात," ते म्हणाले. "आन् पाणी बी बंद."

"आबा, पाणी चालतंय म्हणून लिवलंय," क्रांती म्हणाली.

"लिवणारा सिव्हिलियन हाय."

झालं. आदल्या संध्याकाळी सातला पहारा लागला. स्वयंपाकघराला कडी, माठावर परात, परातीवर वरवंटा. वीरधवलची तालीमही झाली. "पाणी मागायचं?" "न्हाई साहेब." "भूक लागली म्हणायचं?" "न्हाई साहेब." पोरगं छाती काढून उत्तर द्यायचं आणि आबांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या घरात त्या रात्री पाणी एवढंच.

सकाळी दवाखान्यात दिवसाच्या ऑपरेशनच्या पोरांसाठी दोन खाटांची खोली होती. एक वीरधवलला मिळाली. दुसरीवर समीक्षा नावाची पाच वर्षांची मुलगी आणि तिची आजी धोंडुबाई. ही माणसं जतकडची, मेंढरंवाली. वाळव्याकडच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवली होती, पोरीचा बाप तिकडं, आई त्याच्याबरोबर. पोरीलाही हर्नियाच. फोन मात्र एकही नाही. धोंडुबाईकडं चिठ्ठी होती, पण वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं सोनम सिस्टरला तीनदा विचारलं होतं, आणि सिस्टरनं तीनदा तेच सांगितलं होतं. तिची वेळ बाराची. दहाला धोंडुबाईनं पिशवीतून स्टीलचा ग्लास काढला आणि पोरीला सगळ्यांदेखत पाणी पाजलं.

आबा उठलेच. "सिस्टर! हितं उगडउगड पाणी चाललंय!"

"चालतं की, आजोबा. मीच सांगितलंय."

आबांनी खिशातून छोटी डायरी काढली. त्यांच्याकडं दिवसाची नोंद चोवीस तासांच्या घड्याळानं होत असे. त्यांनी लिहिलं: १००० – शेजारचा बेड, शिस्त शून्य.

भूल द्यायला सांगलीहून डॉ. संयोगिता आल्या होत्या. मंगळवारी त्या इथं असत. दोन्ही पोरांना त्यांनी एकच प्रकार केला. झोपवलं, आणि झोपेतच कमरेत एक इंजेक्शन दिलं, म्हणजे कमरेखालचं चार-सहा तास सुन्न राहावं. वीरधवल अकराला आत गेला, पावणेबाराला बाहेर आला. समीक्षा बाराला गेली, एकला बाहेर. चिरा तेवढाच, टाके तेवढेच. इथपर्यंत फोनचा काही उपयोग झालेला नव्हता.

पुढं झाला.

एकच्या सुमाराला वीरधवलची भूल उतरली आणि तो रडायला लागला. बारीक, नाकातून, मांजराच्या पिलासारखं. क्रांतीनं विचारलं, "दुकतंय का, बाळा?" तो नुसती मान हलवायचा, त्यातून हो म्हणावं की नाही ते कळेना. आबा म्हणाले, "जवान, काय होतंय? बोल." जवान आणखीच रडला.

"उठताना रडतात थोडी," सोनम सिस्टर म्हणाली. "घाबरतात. होईल शांत."

पण भाऊसोनं तोवर आप्पासोंना फोन लावला होता. आप्पासोंनी डॉक्टरांना लावला. डॉक्टर खाली ओपीडीत चाळीस पेशंटांत बसलेले. त्यांनी तिथूनच सिस्टरला फोन केला. म्हणजे जे सिस्टरला चार पावलांवर दिसत होतं, ते पलूस फिरून वरच्या हुकमानं तिच्याकडं परत आलं.

"साळुंख्यांचा ना? त्याला ते मोठं इंजेक्शन दे. आवाज आला नाही पाहिजे."

आबांनी लिहिलं: १३१० – इंजेक्शन, मोठं.

पाच मिनिटांत पोरगं गप्प. डोळे अर्धे मिटलेले. भाऊसो बाहेर व्हरांड्यात जाऊन नातेवाइकांना म्हणाला, "बगितलं? फोनचा गुण." नातेवाईक तोवर नऊ झाले होते. सगळ्यांनी शहाळी आणली होती, कारण पलूसहून येताना रस्त्यात एकच गाडा लागतो.

समीक्षाही बाहेर आली तेव्हा रडली. धोंडुबाईनं कुणाला फोन लावायचा? मेंढरांना? तिनं पोरीच्या तोंडाशी कान नेला, पोरगी "पाणी" म्हणाली, सिस्टरनं दोन चमचे दिले आणि ती झोपली. एवढ्यावर भागलं.

पावणेदोनला वीरधवलनं पहिली उलटी केली.

आबांची नोंद: १३४५ – उलटी. पिवळं पाणी. कण नाही.

त्या दवाखान्याचा नियम होता की पोरानं काहीतरी प्यावं, ते पोटात टिकावं, मग घरी सोडायचं. हा नियम नातेवाइकांना कळला की तो नियम राहत नाही, ते मिशन होतं. एक मामा शहाळं घेऊन पुढं. "पी बाळा, पी, मग घरी जायचंय." वीरधवल शिस्तीचा. प्याला. १४१५ – उलटी. शहाळं. मग आत्यानं दुसरं फोडलं, कारण पहिलं गोड नसणार. पोरगं पुन्हा कण्हायला लागलं, पुन्हा फोन फिरला, पुन्हा हुकूम खाली आला. १४३० – इंजेक्शन, तेच, निम्मं. १५०० – उलटी. १५२० – उलटी. १५४५ – उलटी, थोडी.

शेजारच्या खाटेवर समीक्षा तोवर उठून बसली होती. बिस्किटाचा अर्धा पुडा संपवून ती उरलेल्या अर्ध्याकडं बघत होती.

चारला डॉक्टर राउंडला आले. ओठ सुकलेलं, डोळे खोल गेलेलं पोरगं बघितलं, भोवतीचे नऊ नातेवाईक बघितले. त्या दवाखान्यात पोरांच्या उलटीचं एकच कारण सापडलेलं होतं, ते म्हणजे आजी. आजी आलेली नसेल तर आजोबा.

"काय खायला घातलं याला?"

"काय बी न्हाई," आबा म्हणाले.

"आजोबा, मी वीस वर्षं पोरं बघतोय. लपून एक बिस्किट, एक घास. प्रेमानं देतात माणसं. मी रागावत नाही." आणि न रागावता त्यांनी केस पेपरवर ओळ लिहिली: नातेवाइकांनी ऑपरेशनआधी खायला दिल्याची शक्यता.

आबांनी ती उलटीकडून वाचली. फौजेत वरिष्ठाच्या टेबलावरचे कागद उलटे वाचायची सवय होते.

"ती वळ खोडा."

"केस पेपर आहे तो. खोडता येत नाही."

"जे झालं न्हाई ते लिवता येतंय, आन् लिवल्यालं खोडता येत न्हाई?"

"आज रात्र ठेवू त्याला, बघू," म्हणत डॉक्टर खाली गेले. खाली चाळीसाचे पंचेचाळीस झाले होते.

मग नातेवाइकांच्या माना वळल्या. काल घरात झालेली प्रतिज्ञा नऊही जणांना पाठ होती. दूधवाल्या शेजारणीनं काम चोख केलं होतं. आत्या हळूच म्हणाली, "आबा, एखाद्या टायमाला व्हतं असं. नातू हाय." मामा म्हणाला, "खरं सांगितलं तर डॉक्टरांना विलाज करायला बरं." भाऊसो तर जवळ येऊन कानाशीच लागला, "आवं आबा, लाडू-बिडू दिला आसला तर सांगून टाका. मी कुणाला बोलत न्हाई."

"गप रं, मुडद्या."

 क्रांती पोराचे पाय चोळत होती. नऊ जण बोलले त्याचं आबांना काही वाटलं नाही. त्यांनी तिच्याकडं दोनदा बघितलं, दोन्ही वेळा तिनं मान वर केली नाही.

तेवढ्यात दवाखान्यातली आया हरणाबाई मावशी उलटीचा स्टीलचा ट्रे धुवायला न्यायला आली. आबांनी तो तिच्या हातातून घेतला.

"हात लावायचा न्हाई. पुरावा हाय ह्यो."

"आवं, वास येतोय."

"येऊ द्या. ह्यात एक कण दावा. शिताचा, बिस्किटाचा, कसला बी. नुस्तं पाणी हाय. डॉक्टरला बोलवा, डोळ्यांनी बगू दे."

आणि रिटायर्ड सुभेदार जोतीराम साळुंखे पाचव्या उलटीचा ट्रे दोन्ही हातांत धरून खोलीच्या दारात सावधान उभे राहिले. येणारे-जाणारे नाकाला पदर-रुमाल लावून कडेनं जात होते. आत्या हळूहळू व्हरांड्यात सरकली. मामाला फोन आला, निदान त्यानं तसं दाखवलं.

धोंडुबाईनं दहा मिनिटं हा सोहळा बघितला.

"आवं सुभेदार, कवापासनं उभं ऱ्हायलाय. त्ये काय आरतीचं ताट हाय व्हय? कापूर तरी लावा."

"तुमी बोलू नगा. तुमी तर नातीला उगडं पाणी पाजलंय."

"पाजलं की. सिस्टर म्हनली पाज, मी पाजलं. तुमी न्हाई पाजलं?"

"काल सांजच्या सातपासनं थेंब न्हाई!" आबांचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. जाऊ दे, असंच त्यांना वाटत होतं. "एक थेंब न्हाई! इचारा घरात कुणाला बी!"

धोंडुबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं. "आगं आयाय," ती म्हणाली. "आवं, माझं कोकरू एवढा येळ तानलं तर आमचा म्होरक्या मेंढका माझ्या अंगावर येईल." मग ती उठून वीरधवलच्या खाटेशी गेली. "बाळा, दुकतंय का रं तुला?"

"न्हाई साहेब," वीरधवल म्हणाला. बोलणं जड येत होतं.

"मग दुपारचं का रडत व्हतास?"

पोरानं आबांकडं बघितलं. आबा ट्रे धरून उभे.

"तान लागली व्हती?"

पोरानं सुकल्या ओठांवरनं जीभ फिरवली. मग म्हणालं, "पाणी मागायचं न्हाई."

 क्रांतीचा हात पायावर थांबला. आबांनी ट्रे खाली ठेवला, आणि हरणाबाई तो घेऊन गेली.

साडेचारला डॉ. संयोगिता शेवटचं ऑपरेशन आटोपून, पर्स खांद्याला लावून, सांगलीला निघायच्या आधी पोरांवर नजर टाकायला आल्या. समीक्षानं त्यांना बिस्किट देऊ केलं. वीरधवलला बघून त्यांनी पर्स खाली ठेवली. बोटाला क्लिप लावली, मॉनिटरवरचा आकडा बघितला, श्वास मोजले.

"एवढा गुंगीत का आहे हा? काय दिलं याला?"

सोनम सिस्टरनं केस पेपर पुढं केला. त्यात दुपारचं काहीच नव्हतं. होती ती एकच ओळ, खायला दिल्याची. "सरांनी फोनवर सांगितलं होतं, मॅडम. तोंडी. लिहायचं राहिलं."

"किती वेळा दिलं? कधी?"

सिस्टर आठवू लागली. तिला त्या दिवशी सतरा पेशंट होते.

आबांनी खिशातून डायरी काढली. "तेराशे धा, मोठं. चौदाशे तीस, तेच, निम्मं."

डॉ. संयोगितांनी त्यांच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "आणि उलट्या?"

"तेराशे पंचेचाळीस. चौदाशे पंधरा. पंधराशे. पंधराशे वीस. पंधराशे पंचेचाळीस. कण न्हाई. पाचींत बी."

"कण नसणारच. हे खाण्यानं झालेलं नाही, आजोबा." त्यांनी सिस्टरला सलाईन लावायला सांगितलं, उलटी थांबवायचं औषध सांगितलं, तोंडानं काही द्यायचं नाही आणि बोटाची क्लिप काढायची नाही असं बजावलं. मग क्रांतीकडं वळून म्हणाल्या, "ते मोठं इंजेक्शन अफूच्या घराण्यातलं. दुखणं थांबवतं, पण पोट ढवळून काढतं, लहान पोरांचं जास्तच, आणि गुंगी आणतं ते वेगळंच. म्हणून तर मी कमरेत सुन्न करणारं दिलं होतं. पाचपर्यंत त्याला दुखायचं कारण नव्हतं. शेजारची मुलगी बघा, तिला तेवढंच दिलंय. रडणारं प्रत्येक पोर दुखतंय म्हणून रडत नाही."

"आमचं रडणं हायच असं," भाऊसो उगाच म्हणाला.

आबांचा चेहरा उजळला होता. नऊ नातेवाइकांपैकी व्हरांड्यात गेलेले पाच आत आले होते, ऐकत होते. शब्द राहिला होता. आता ओळ खोडली की झालं.

"शेवटचं पाणी कधी प्यायला होता हा, ऑपरेशनच्या आधी?" डॉ. संयोगितांनी विचारलं.

आता हे बघा. इंजेक्शनची वेळ ज्या डायरीत, त्याच डायरीत हीही वेळ. मधे एक पान. आबा ते पान न उलटता "लक्षात न्हाई" म्हणू शकले असते आणि त्या खोलीत कुणाची हरकत नव्हती. भाऊसोनं तर खूण करून सुचवलंही. आबा डायरी हातात घेऊन तसेच उभे राहिले. आतापर्यंत क्रांतीनं मान वर केली नव्हती. आता केली होती.

आबांनी पान मागं उलटलं. "एकोणीसशे. रेशन बंद. पाणी बंद."

"म्हणजे सोळा तास? चिठ्ठीत दोन तास लिहिलंय!"

"व्हय. मी वाढवलं."

"का?"

या प्रश्नाला अठ्ठावीस वर्षांत कुणी उत्तर मागितलं नव्हतं. आबांनी थोडा विचार केला. "सवय," ते म्हणाले.

डॉ. संयोगितांनी खालच्या डॉक्टरांना वर बोलावून घेतलं. दोन डॉक्टर नातेवाइकांसमोर भांडत नाहीत; ते एकमेकांना "मॅडम" आणि "सर" जास्त वेळा म्हणतात, त्यावरून ओळखायचं.

"सर, कमरेतला ब्लॉक चालू असताना वर हे कशाला, सर?"

"मॅडम, ऑपरेशनच्या आधीच तीन फोन आलेत, मॅडम. दुपारी आणखी दोन."

"मग फोनला द्यायचं इंजेक्शन."

डॉक्टर हसले. दुसरं काय करणार? "पोरगं रडलं असतं तर गावभर झालं असतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. ते खरंही होतं. उलट्या मात्र गावभर झाल्या तरी चालत होत्या, त्या आजोबांच्या नावावर जात होत्या.

"ही ओळ खोडा, सर. आणि दुपारच्या दोन ऑर्डर लिहा, वेळेसकट."

डॉक्टरांनी पेन काढलं. मघाशी जे खोडता येत नव्हतं, ते एका रेघेत खोडलं गेलं.

"खोडलं तिथं सही, येळ आन् तारीख," आबा म्हणाले. डॉक्टरांनी तीही केली. मग डॉ. संयोगिता सांगत गेल्या आणि डॉक्टर लिहीत गेले: वॉर्डमध्ये दोन वेळा तीव्र वेदनाशामक दिल्यानंतर पाच उलट्या. ऑपरेशनआधी सोळा तास पाणीही दिलेलं नव्हतं.

"मॅडम," भाऊसो पुढं झाला, "त्ये पाण्याचं नसलं लिवलं तर? आबांचं वय झालंय. गावात उगंच..."

"लिवा," आबा म्हणाले. "आन् कुणी दिलं न्हाई, त्ये बी लिवा."

"नाव लागत नाही, आजोबा. 'नातेवाइकांनी' म्हटलं की पुरतं."

"पुरत न्हाई. मघाशी बी तुमी नातेवाईकच लिवलं हुतं. आज मी हाय म्हणून समदी माझ्याकडं बगत्यात. उद्या मी नसलो की ह्यो कागद वाचून लोक आईला धरणार. तिनं चिठ्ठी बरोबर वाचली हुती. लिवा, सुभेदार जोतीराम साळुंखे यांच्या हुकमानं."

डॉक्टरांनी डॉ. संयोगितांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. वीस वर्षांत त्या दवाखान्याच्या कागदावर आजोबा पहिल्यांदाच स्वतःच्या विनंतीनं आले. डॉक्टरांना सवय नव्हती, हुकमानं हा शब्द लिहिताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

सलाईनच्या नळीत थेंब पडत होते. सव्वापाच वाजले तरी सहावी उलटी आली नव्हती. डॉ. संयोगितांनी घरी फोन करून यायला उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि पोराची गुंगी उतरली, दोन तास काही बाहेर आलं नाही, तर आजच सोडू म्हणाल्या.

आबांनी कागद क्रांतीपुढं धरला. "वाच."

क्रांतीनं तो घेतला. वर्गातल्या पोरांचे पेपर वाचावेत तसा, बोट ठेवून, सावकाश वाचला. भाऊसोला वाटलं, आता ती आबांच्या पाया पडेल. आत्याला वाटलं, रडेल. आत्यानं त्यासाठी रुमालही काढून ठेवला होता.

"सोळा चुकलंय," क्रांती म्हणाली.

"काय?"

"तुमचा पहारा सातला लागला, आबा. पोरगं ताटावरनं साडेसहाला उठलं हुतं. जेवताना प्यालं त्येवढंच पाणी, त्येच्या मागनं न्हाई. साडेसोळा पायजे तिथं."

आबांनी डायरी बघितली. डायरीत ते नव्हतं. मग त्यांनी सुनेकडं बघितलं.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "साडेसोळा करा."

डॉक्टरांनी केलं. आबांनी तिथंही सही आणि वेळ मागून घेतली.